शेपूचं वय आणि शेपूची चव

शेपूची भाजी कढईत पडली की शेजारच्या घरालाही कळतं. हा वास ज्यांना आवडतो त्यांना तो फार आवडतो, ज्यांना नाही ते ताटात वाढूही देत नाहीत. मधलं मत असलेली माणसं क्वचितच भेटतात. मला वाटतं, नावड असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला जून झालेला, टोपलीत दोन दिवस मरगळलेला आणि वर अर्धा तास शिजवलेला शेपूच आलेला असतो. पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांचा शेपू, सहा आठवड्यांचा शेपू, फुलावर आलेला शेपू आणि बी धरलेला शेपू, झाड एकच, पण चव चार तऱ्हेची. यातला दुसरा मंडईत जुडीने मिळतो, चौथा किराणा दुकानात पुडीत मिळतो. पहिला आणि तिसरा हवा असेल तर तो घरीच पेरावा लागतो. त्यासाठी शेत लागत नाही. उन्हाची एक खिडकी किंवा गॅलरीचा कोपरा पुरतो.

झाडाची ओळख

शेपू हा कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप आणि गाजर यांच्या कुळातला. या सगळ्यांची फुलं छत्रीच्या आकारात येतात. देठाच्या एकाच टोकापासून बारीक काड्या फुटतात आणि प्रत्येक काडीच्या शेंड्यावर पुन्हा छोटी छत्री. शेपूची फुलं पिवळी असतात. मुळाची घडण गाजरासारखीच, म्हणजे सरळ खाली जाणारं सोटमूळ. लागवडीत ज्या काही काळज्या घ्यायच्या त्यातल्या निम्म्या या सोटमुळामुळेच आहेत, हे पुढे दिसेल.

कार्ल लिनियस यांनी १७५३ साली या झाडाला अनेथम ग्रॅव्हिओलेन्स हे शास्त्रीय नाव दिलं. भारतात पिकणारा शेपू युरोपातल्यापेक्षा थोडा निराळा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला अनेथम सोवा असं वेगळं नाव दिलं होतं. आता अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही एकाच जातीत धरतात, पण स्वयंपाकघरात फरक जाणवतो. युरोपीय बियांच्या तेलात कार्व्होन आणि लिमोनिन ही मुख्य द्रव्यं. आपल्याकडच्या बियांत कार्व्होन कमी आणि त्याच्या जोडीला डिल-अपिओल नावाचं द्रव्य बरंच असतं, म्हणून आपलं बी चावलं की जास्त उग्र आणि किंचित कडसर लागतं. पानांचा वास आणखी वेगळ्या द्रव्यांमधून येतो, मुख्यतः फेलँड्रिन आणि डिल-ईथर यांच्यातून. त्यामुळे पाककृतीत पाला सांगितला असेल तिथे बी घालून काम भागत नाही, आणि उलटही नाही.

संस्कृत ग्रंथांत शेपूला शतपुष्पा म्हणतात. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी या दोन वनस्पतींवर मिळून एक स्वतंत्र अध्याय आहे. गुजरातीत तो सुवा, कानडीत सब्बसिगे, हिंदीत सोया. बियाण्याच्या पाकिटावर ‘सुवा’ किंवा ‘सोया’ लिहिलेलं असेल तर घाबरायला नको, मात्र आतलं बी पाहून घ्यावं. सोयाबीनचे वाटोळे दाणे आणि शेपूचं चपटं, पातळ कडेचं, तपकिरी बी यांत गफलत होण्यासारखं काही नाही.

बी कोणतं घ्यावं

दोन वाटा आहेत. एक, कृषी सेवा केंद्रातलं किंवा रोपवाटिकेतलं बियाणं. ते ताजं असतं आणि भरवशाने उगवतं. त्यावर पुष्कळदा बुरशीनाशकाचा गुलाबी किंवा हिरवा लेप असतो. असं बी फक्त पेरायचं, उरलं म्हणून मसाल्याच्या डब्यात टाकायचं नाही. मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं आणि पेरल्यावर हात धुवावेत.

दुसरी वाट किराणा दुकानातल्या बाळंतशेपाची, म्हणजे शेपूच्याच सुक्या बियांची. तो भाजलेला नसेल आणि फार जुना नसेल तर छान उगवतो, आणि कुंडीसाठी दहा रुपयांची पुडी पुष्कळ होते. दुकानातलं बी किती जुनं ते कळत नाही, म्हणून आधी चाचणी घ्यावी. वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, फडकं सुकू द्यायचं नाही. दहा-बारा दिवसांत बारा-चौदा बियांना मोड आले तर बी चांगलं. सात-आठच आले तर दुप्पट दाट पेरायचं. दोन-तीनच आले तर ती पुडी फोडणीला वापरावी.

कधी पेरावं

शेपूला थंडी मानवते. महाराष्ट्रात ऑक्टोबर ते जानेवारी हा पेरणीचा उत्तम काळ. या दिवसांत झाड सावकाश वाढतं, पाला भरपूर धरतं आणि फुलावर यायची घाई करत नाही. मार्चनंतर दिवस लांबतो, ऊन चढतं, आणि झाड पाल्याची वाढ आटोपती घेऊन मधूनच फुलाचा दांडा वर काढतं. म्हणून उन्हाळ्यात पेरायचंच असेल तर सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा निवडावी, आणि महिन्याभरातच कापून घ्यावा. मोठा होऊ देण्याचा हट्ट करू नये.

पावसाळ्यातला त्रास वेगळा. सततच्या ओलीने कोवळी रोपं जमिनीलगत कुजतात आणि आडवी पडतात. कोकणात आणि गोव्यात तर उघड्यावर पेरलेला शेपू श्रावणापर्यंत टिकणं कठीण. छपराखाली, जिथे पाऊस थेट लागत नाही पण उजेड येतो अशा जागी कुंडी असेल तर जमून जातं.

एकदाच खूप पेरण्यापेक्षा दर पंधरा-वीस दिवसांनी थोडा थोडा पेरावा. सगळा शेपू एकाच वेळी तयार होतो आणि एकाच वेळी जून होतो. तीन कुंड्या असतील तर त्या आळीपाळीने पेरल्या की थंडीभर कोवळा पाला हाताशी राहतो. घरच्या शेपूबद्दल मला एकच गोष्ट सांगायला दिली तर मी हीच सांगेन.

कुंडी, माती आणि पेरणी

सोटमुळासाठी कुंडी निदान आठ-दहा इंच खोल हवी. रुंद तोंडाचं घमेलं, जुना टब, फळांची प्लास्टिकची क्रेट आतून गोणपाट लावून, काहीही चालतं. तळाला पाणी निघायला भोकं मात्र पाहिजेत. मातीत एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळावं. माती चिकट काळी असेल तर थोडी वाळू किंवा कोकोपीट घालून मोकळी करावी. खताचा मारा करू नये. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत आणि उंच होतं, पण वासाला फिकं पडतं आणि मावा ओढवून घेतो.

शेपूची रोपं ट्रेमध्ये करून मग हलवू नयेत. सोटमूळ दुखावलं की झाड एकतर मरतं, नाहीतर घाबरून फुलावर येतं. बी थेट कायमच्या जागीच टाकावं. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यावर निथळलं तर उगवण थोडी लवकर होते. मातीवर बोटाने अर्धा सेंटिमीटर खोल रेघा ओढायच्या, दोन रेघांत चार बोटं अंतर ठेवायचं, त्यात बी विरळ सोडायचं आणि वरून चाळलेल्या मातीचा किंवा गांडूळखताचा पातळ थर द्यायचा. खोल गेलेलं बी वर येत नाही. बागेत वाफा असेल तर रेघांत वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावं, म्हणजे खुरपं फिरवता येतं.

पाणी बारीक छिद्रांच्या झारीने किंवा हाताने शिंपडून द्यावं. तांब्याने ओतलं की बी एका कोपऱ्यात वाहून गोळा होतं. उगवायला सात ते चौदा दिवस लागतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, तिची सवय असलेला माणूस शेपूच्या बाबतीत आठव्या दिवशी आशा सोडून कुंडी उकरतो. तसं करू नये. तोवर माती वरवर ओलसर राहील एवढंच पाहावं. पहिली दोन पानं गवताच्या पात्यासारखी लांबट असतात, त्यामुळे तण समजून उपटली जाण्याचा धोका असतो. त्यानंतर येणारं पान खरं शेपूचं, पिसासारखं चिरलेलं.

विरळणी आणि राखण

रोपं दोन-तीन इंचांची झाली की दाट जागची काढून टाकावीत. पाल्यासाठी दोन रोपांत दोन बोटं अंतर पुरतं. ज्यांची फुलं आणि बी हवं आहे ती तीन-चार रोपं मात्र वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एकटी ठेवावीत. तीच पुढे कंबरेएवढी वाढतात. उपटताना शेजारची मुळं हलतात, म्हणून कात्रीने जमिनीलगत कापावं. कापलेली रोपं टाकून द्यायची नाहीत. हा सगळ्यात कोवळा शेपू. भाजीला तो पुरत नाही आणि शिजवायचाही नसतो. दही-काकडीत, वरणाच्या वाटीवर, उकडलेल्या बटाट्यावर मीठ-तेलाबरोबर तो कच्चाच खावा. ज्यांना शेपू आवडत नाही असं वाटतं त्यांना आधी हा द्यावा.

ऊन रोज पाच-सहा तास मिळालं पाहिजे. कमी ऊन मिळालं तर काड्या लांब, पाला विरळ आणि झाड एका बाजूला लवंडलेलं दिसतं. माती वरचा अर्धा इंच सुकली की पाणी द्यावं. पूर्ण सुकू दिलं तर झाड फुलाकडे वळतं, सतत ओलं ठेवलं तर मूळ कुजतं.

मावा हा शेपूचा नेहमीचा शत्रू. शेंड्यांवर आणि फुलांच्या छत्रीखाली हिरवट-काळपट दाणे चिकटलेले दिसतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बरेच गळून पडतात, ते दोन-तीन दिवस लागोपाठ करावं. तरी राहिले तर निंबोळी अर्क फवारावा, पण कापणी जवळ असेल तर नको, कारण त्याचा कडू वास पाल्यात उतरतो. ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नये, ते आणि त्यांच्या अळ्या मावाच खातात. थंडीच्या अखेरीला पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते. तेव्हा त्या कुंडीचा हंगाम संपत आला असं समजून पाला कापून घ्यावा आणि कुंडी मोकळी करावी.

कापणी

शेतकरी शेपू मुळासकट उपटून जुड्या बांधतात. शेतात ते सोयीचं आहे. घरी उपटायची गरज नाही. झाड वीतभर झालं, म्हणजे साधारण चार-पाच आठवड्यांनी, की बाहेरच्या बाजूची मोठी पानं देठासकट कापायची आणि मधला कोंब ठेवायचा. असं दोन-तीनदा कापता येतं. त्यानंतर मधून जाड, पोकळ दांडा वर येऊ लागतो. एकदा दांडा दिसला की पाल्याची गोडी उतरायला लागते. तेव्हा जेवढा हवा तेवढा पाला त्याच आठवड्यात काढून भाजी करावी आणि उरलेली झाडं फुलासाठी सोडावीत.

कापायची वेळ सकाळची. दुपारी कापलेला शेपू घरात येईपर्यंत मान टाकतो.

विकतच्या जुडीतला शेपू निवडताना मुळं आणि खालचे पिवळे देठ काढावेत. बारीक देठ पाल्यासह चिरता येतात. नखाने मोडत नाही तो देठ टाकावा, तो शिजल्यावरही दोरीसारखा दातात येतो. धुताना वाहत्या पाण्याखाली धरून भागत नाही. पिसासारख्या पानांत माती अडकते, म्हणून मोठ्या पातेल्यात बुडवून, हलवून, पाला वरून उचलून घ्यावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करावं. धुतल्यावर निथळून मगच चिरावा. ओला चिरला तर सुरीखाली लगदा होतो आणि निम्मा वास पाटावर राहतो.

ठेवायचा असेल तर न धुता, किंचित ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. चार-पाच दिवस राहतो. वाळवून ठेवू नये, वाळलेल्या शेपूला गवताचा वास उरतो. बारीक चिरून बर्फाच्या साच्यात थोड्या तेलाबरोबर गोठवला तर मात्र दोन-तीन महिने वरण, सूप, आमटी यांना उपयोगी पडतो.

मूगडाळ घालून शेपू

घरोघरी होणारी भाजी हीच. शेपूचा वास तेलात विरघळतो आणि वाफेबरोबर उडून जातो, ही गोष्ट लक्षात ठेवली की भाजीची सगळी रीत आपोआप ठरते. तेलात कंजुषी करायची नाही, आणि शेपू फार वेळ आचेवर ठेवायचा नाही.

दोन जुड्या शेपूला अर्धी वाटी मूगडाळ घ्यावी आणि अर्धा-पाऊण तास भिजवावी. कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग. मग ठेचलेला लसूण, आठ-दहा पाकळ्या तरी हव्यातच. लसूण कडेने तांबूस झाला की हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि हळद. निथळलेली डाळ परतून, पाण्याचा हबका मारून, झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यावी. डाळ बोटात दाबली तर तुटते पण पिठूळ होत नाही, इथवर आणावी.

आता शेपू. बहुतेक घरांत सगळा एकदम घालतात. मी दोन भाग करते. अर्धा आता मीठ घालून परतायचा आणि पाच मिनिटं वाफ आणायची. त्याची चव डाळीत उतरते. उरलेला अर्धा आच बंद करायच्या एक मिनिट आधी घालायचा, हलवायचं आणि झाकायचं. हा हिरवागार राहतो आणि कच्च्या शेपूचा ताजा वास ताटापर्यंत येतो. शेपू घातल्यावर एकूण सात-आठ मिनिटांच्या वर भाजी आचेवर राहता कामा नये. बरोबर ज्वारीची भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी.

डाळीऐवजी दाण्याचं कूट घालून केलेली भाजी जास्त खमंग होते. तूरडाळ आणि शेंगदाणे घालून, वर लसणीची चरचरीत फोडणी देऊन केलेली पातळ भाजी भाताबरोबर उत्तम. जून शेपू हाती आला असेल तर तो या पातळ भाजीतच घालावा. डाळ आणि दाणे त्याचा कडसरपणा पुष्कळ सामावून घेतात.

शेपूफळं

ज्वारीच्या पट्ट्यातला हा पदार्थ शहरांत फारसा दिसत नाही, आणि ही मोठीच उणीव आहे. दोन वाट्या बारीक चिरलेला शेपू, एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी बेसन. लसूण, हिरवी मिरची आणि जिरे यांचा जाडसर ठेचा, तीळ, हळद, मीठ. आधी शेपूला मीठ आणि ठेचा चोळून पाच मिनिटं ठेवायचा, म्हणजे त्याला पाणी सुटतं. मग पिठं मिसळायची आणि लागेल तेवढंच पाणी शिंपडून घट्ट मळायचं. हाताला तेल लावून लिंबाएवढे गोळे किंचित चपटे करायचे, मध्ये अंगठ्याने खळगा पाडायचा आणि चाळणीवर पंधरा-वीस मिनिटं उकडायचे.

गरम फळावर कच्चं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल सोडून खाणं ही एक तऱ्हा. तुकडे करून तीळ-मोहरीच्या फोडणीत परतणं ही दुसरी. मला पहिली पटते, कारण त्यात शेपूची चव पुढे राहते. कर्नाटकात भिजवलेली तूरडाळ भरडून, शेपू घालून, अशीच उकडून केलेली नुच्चिनुंडे असतात, आणि तिथली अक्की रोट्टी म्हणजे तांदळाच्या पिठाची थापलेली रोटी, तीही शेपू घालून होते. आपल्या थालीपिठाच्या भाजणीत मूठभर शेपू याच न्यायाने जातो.

इतरांच्या स्वयंपाकातून घेण्यासारखं

भाजीच्या पलीकडे शेपूचं काय करायचं हा प्रश्न पडला तर तीन देशांकडे पाहावं. इराणमध्ये भातात शेपू भरपूर घालतात. बाकल्याच्या शेंगांमधले हिरवे दाणे आणि शेपू घालून केलेला पुलाव तिथे आवडीने खातात. आपल्याकडे शेपूच्या हंगामातच ओले पावटे, वाल आणि मटार येतात. अर्धवट शिजलेल्या तांदळात सोललेले ओले वाल आणि दोन मुठी चिरलेला शेपू थर देऊन, तूप सोडून, मंद आचेवर दम द्यावा. मसाला काही लागत नाही.

व्हिएतनाममधल्या हनोई शहरात ‘चा का’ नावाचा पदार्थ आहे. हळद लावलेल्या माशाचे तुकडे तव्यावर तेलात तळायचे, शेवटी मूठ-मूठ शेपू आणि कांद्याची पात घालून क्षणभर परतायचं, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर तांदळाच्या शेवयांवर वाढायचं. हळद, मासा, शेंगदाणे, तांदूळ, यातलं काहीच आपल्याला परकं नाही. रावस किंवा घोळीचे काटे काढलेले तुकडे हळद, मीठ, लिंबू लावून असेच करून पाहावेत. शेपू इथे भाजी म्हणूनच पडतो, सजावट म्हणून नाही, त्यामुळे चिमूटभर घालून थांबू नये.

स्वीडनमध्ये कच्च्या सामन माशावर मीठ, साखर आणि शेपू दाबून तो मुरवतात, आणि नवे बटाटे उकडताना पाण्यात शेपूचे देठ टाकतात. देठांची ही युक्ती आपल्याकडेही करण्यासारखी आहे.

फुलं

फुललेली छत्री बाजारात मिळत नाही, म्हणून निदान एक झाड फुलू द्यावं. पाल्याचा आणि बियांचा वास तिच्यात एकत्र असतो. पोलंड, रशिया, अमेरिका या देशांत काकडीचं लोणचं याच छत्र्या घालून करतात. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवून उकळून गार करावं. स्वच्छ काचेच्या बरणीत लहान, कडक काकड्या, दोन-तीन शेपूच्या छत्र्या, सहा-सात लसूण पाकळ्या, थोडे मिरे आणि मोहरी घालून वरून हे पाणी ओतावं. काकड्या पाण्याखाली बुडलेल्या राहतील असं वजन ठेवावं आणि झाकण सैल लावावं. आपल्या हवेत तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होऊन आंबट वास येतो. मग बरणी फ्रिजमध्ये. वर रंगीत बुरशी आली किंवा काकडी बुळबुळीत झाली तर फेकून द्यावी.

बागेलाही फुलांचा उपयोग होतो. या बारीक पिवळ्या फुलांवर मधमाश्या आणि सिरफिड माश्या येतात, आणि अनेक सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा खातात. मिरची-वांग्याच्या कुंडीशेजारी एक फुललेला शेपू ठेवण्यात फायदाच आहे.

बाळंतशेपा

जेवणानंतर बाळंतिणीला द्यायच्या सुपारीत बाळंतशेपा हवाच. बडीशेप, बाळंतशेपा, तीळ, जवस आणि ओवा वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे, कारण प्रत्येकाचा भाजायचा वेळ वेगळा. त्यात किसून भाजलेलं सुकं खोबरं, ज्येष्ठमधाची पूड आणि सैंधव मिसळायचं. बाळंतशेपा चमचाभर असेल तर बडीशेप चार चमचे, असं प्रमाण ठेवलं तर उग्रपणा वर येत नाही. ही सुपारी घरातल्या सगळ्यांनीच खावी अशी आहे.

बी फोडणीतही चालतं. बटाट्याची सुकी भाजी, कोबी, फरसबी, ताकाची कढी यांना जिऱ्याऐवजी अर्धा चमचा बाळंतशेपा घालून पाहावा. त्याच्यातल्या कार्व्होनची एक गंमत आहे. पुदिन्यातही कार्व्होनच असतं, पण त्याच्या रेणूची घडण शेपूतल्या कार्व्होनची आरशातली प्रतिमा असते. अणू तेच आणि तितकेच, फक्त मांडणी डावी-उजवी. आपल्या नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपू.

लहान बाळांना पोटदुखीवर देतात त्या ग्राइप वॉटरची सुरुवातही शेपूपासूनच झाली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये ते तयार केलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडं मद्यार्क होतं. मद्यार्क पुढे काढून टाकण्यात आलं. मात्र बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा घरी बाळंतशेपा उकळून तान्ह्या बाळाला पाजू नये, आणि बाळ सारखं रडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. गरोदरपणातही भाजी खायला हरकत नाही, पण बियांचे काढे वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढच्या पेरणीसाठी

बियाण्यासाठी झाड निवडताना सगळ्यात आधी फुललेलं झाड घेऊ नये. जे झाड पाला भरपूर देतं आणि सगळ्यात उशिरा दांडा काढतं त्याचं बी धरावं. लवकर फुलणाऱ्या झाडाचं बी पेरत राहिलं तर दरवर्षी शेपू आणखी लवकर फुलायला लागतो आणि पाला कमी कमी येतो. जमलं तर एकाऐवजी तीन-चार झाडांचं बी एकत्र करावं.

पेरल्यापासून बी पिकायला चार महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून त्यासाठीची झाडं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पेरलेली असावीत. उंच दांडे वाऱ्याने मोडतात, त्यांना काठीचा आधार द्यावा. सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत. मधली आधी, बाजूच्या नंतर. छत्रीतल्या बहुतेक बिया हिरव्याच्या तपकिरी झाल्या की ती सकाळी, दंव असतानाच कापावी. उन्हात कापली तर हात लागताच बिया झडतात. कागदी पिशवीत उलटी घालून सावलीत आठवडाभर टांगावी, मग चोळून, सुपात पाखडून घ्यावी.

पूर्ण वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवावं. बाटलीवर महिना आणि वर्ष लिहावं. दोन-तीन वर्षं ते चांगलं उगवतं. त्यानंतर ओल्या फडक्यातली चाचणी घेऊन, नापास झालेलं बी सुपारीसाठी भाजून घ्यावं.